राउंडअबाउटवरचं पालुपद

आमचे भावोजी राउंडअबाउटमधून बाहेर पडत नाहीत.

म्हणजे पडतात, पण गाणं संपल्यावर. इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये राहणाऱ्या माणसाला हे परवडणारं नाही. इथे दूध आणायला निघालं तरी वाटेत इतके राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, लागतात, की घरी येईस्तोवर त्याचं लोणी निघावं. बाकीचे लोक डावा इंडिकेटर देऊन सुटतात. भावोजी मात्र उजवा इंडिकेटर देऊन, स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून मधल्या झाडांना प्रदक्षिणा घालत राहतात, आणि तोंडाने कोरियन लोकगीत चालू असतं.

"भावोजी, आपली एक्झिट गेली."

"परत येईल. एक्झिट कुठे पळून जाते? कडवं पुरं होऊ दे."

माझ्या मोठ्या बहिणीचे, शोभाताईचे, हे यजमान. विमा कंपनीत सॉफ्टवेअर करून रिटायर झाले. कोरियाला कधी गेलेले नाहीत. वेडाची सुरुवात शोभाताईच्या कोरियन सीरियलींपासून झाली. ती सबटायटल वाचून डोळे पुसायची, हे शेजारी पेपर तोंडासमोर धरून बसायचे. एका एपिसोडमध्ये भाताच्या खाचरात तण काढता काढता बायका गायला लागल्या आणि यांचा पेपर खाली आला. तो पुन्हा वर गेला नाही.

तेव्हापासून मी माझ्या गावाहून, रीडिंगहून, कधीही यांच्याकडे आलो, की चहाबरोबर व्याख्यान असतंच.

"ऐक, इथेच तर गंमत आहे. शेतात एकीने कडवं जोडायचं, बाकीच्यांनी पालुपद उचलायचं. पुढचं कडवं दुसरीचं. सासू, पाऊस, पाठदुखी, काहीही घाल. गाणं कोणाच्याच मालकीचं नाही, म्हणून ते संपतच नाही. आणि मग आली ग्रामोफोनची तबकडी!" इथे भावोजींचा आवाज घरातलं कोणी गेल्यासारखा होतो. "एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. झालं! दोन-तीन कडवी, नमस्कार. वर संगीतकाराचं नाव छापलेलं. व्हायोलिन आलं, क्लॅरिनेट आलं. शहरातली माणसं जुन्या वळणाची नवी गाणी बांधायला लागली. त्यांना नावच पडलं, नवी लोकगीतं."

"वाईट होती का?"

"छे! सुंदर होती. तोच तर त्रास आहे."

त्यांच्या मते जुन्या गाण्याला तीनचा झोका होता आणि पुढची कितीतरी प्रेमगीतं दोनवर चालायला लागली. "हा इंडिकेटर ऐक. टिक-टॉक, टिक-टॉक. लेकाचा तबकडीच्या जमान्यातला आहे." मी मान डोलावतो. मला दोन आणि तीनमधला फरक फक्त पोळ्यांच्या बाबतीत कळतो.

शोभाताई गेली त्याला आता दीड वर्ष झालं. गेल्या महिन्यात भाचीचा, मुक्ताचा, ग्लासगोहून फोन आला. ती तिथे डॉक्टर आहे.

"मामा, शेजारच्या बाईने बाबाला राउंडअबाउटवर बघितलं. जस्ट गोल गोल. आय थिंक तो विसरतोय. मी त्याचा कार विकणार आणि त्याला इकडे आणणार. तू एकदा त्याच्याबरोबर बसून बघ ना, प्लीज."

इथे गाडी गेली की माणूस घरात बंद झालाच. मी नाइलाजाने हेरगिरी पत्करली आणि रविवारी संध्याकाळी भाजी आणायच्या निमित्ताने शेजारच्या सीटवर बसलो.

परतताना धुकं उतरलं होतं. राउंडअबाउटवरच्या झाडांचे नुसते शेंडे तरंगत होते आणि रस्त्यावरचे दिवे दुधात भिजल्यासारखे दिसत होते. भावोजींनी पालुपद म्हटलं आणि गप्प झाले. गाडी फिरत राहिली. एक्झिट गेली. पुन्हा पालुपद, पुन्हा गप्प. मुक्ता म्हणत होती ते खरंच होतं तर.

"भावोजी, कडवं विसरलात का?"

"विसरेन कसा? माझं नाहीच ते. शोभाचं आहे."

मी भाजीची पिशवी मांडीवर सावरली.

"बाजारातून येताना आम्ही असंच करायचो. पालुपद माझं, कडवं तिचं. मराठीतच रचायची. मुळा महागला, मेथी कडू निघाली, नवरा बहिरा मिळाला. पण तिला पटकन सुचायचं नाही. म्हणायची, अहो, अजून एक चक्कर मारा, येतंय." त्यांनी स्टिअरिंग तसंच वळतं ठेवलं. "तेवढी चक्कर मारतो मी."

आमची एक्झिट धुक्यात उजळली आणि मागे गेली. मी गाणारा नव्हे. घरच्या आरतीतसुद्धा माझ्या हातात टाळ देऊन मला गप्प बसवतात. पण मांडीवर मेथीची पिशवी होती, तिच्यावरूनच सुरुवात केली. एवढी आणलीत खरी, निवडायला कोण बसणार, असं काहीतरी. चाल निसटली, यमक जुळलं नाही.

भावोजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पालुपद मात्र असं उचललं की खिडकीची काच थरथरली. मग डावा इंडिकेटर लागला.

घरी पोचून मी मुक्ताला फोन केला. "गाडी राहू दे."

"तो ओके आहे?"

"ओके आहे. पुढच्या रविवारी आम्ही गाडीत असताना फोन कर. आईचं कडवं रिकामं पडलंय." आणि तिला सगळं सांगितलं.

"मामा, मराठीत गाणं मला नाही जमत."

"माझं ऐकलं असतंस तर धीर आला असता."

रविवारी गाडीच्या स्पीकरवर ग्लासगो लागलं. भावोजींनी पालुपद म्हटलं आणि थांबले. स्पीकरमधून नुसता श्वास येत होता. एक्झिट जवळ आली, त्यांनी डावा इंडिकेटर दिला.

"बाबा, वेट," मुक्ता म्हणाली. "अजून एक चक्कर मार. येतंय."

भावोजींनी डावा इंडिकेटर बंद केला आणि उजवा लावला.