अकरा नंबरची चूक

माणूस कसलाही आणा, आठ दिवसांत त्याचा मास्तर करून देतो, असं मी चौतीस वर्षं सांगत आलो. नगरच्या एका अध्यापक विद्यालयात मी शिक्षक घडवायचो. एकदा तर घशाच्या ऑपरेशनमुळे महिनाभर बोलायला बंदी असलेल्या गृहस्थाकडून मी पानिपतचा पाठ घेववला, आणि अख्खा वर्ग रडला होता. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. निवृत्तीनंतर पटवून देण्याची ताकद राहिलेली नाही.

म्हणूनच रोहिणीचा फोन आला तेव्हा मी झोपलोय असं बायकोला सांगायला लावलं. रोहिणी माझी जुनी विद्यार्थिनी, आता नागापूरला एमआयडीसीजवळच्या शाळेत मुख्याध्यापिका. ती म्हणाली, मग उठवा.

तिची अडचण अशी. कुणा कारखानदारानं शाळेला तीस बासऱ्या भेट दिल्या होत्या. शिकवायला नगरच्या एका वाद्यवृंदातले दोघं तयार होते. फैयाजभाई क्लॅरिनेटवाले आणि विजयमालाबाई व्हायोलिनवाल्या. वाजवायला दोघं अव्वल, पण शिकवायला उभे राहिले की मुलं रडायची. फैयाजभाई हात वर करत, तीस मुलांनी एकदम सुरू करावं अशी अपेक्षा ठेवत, आणि एक जरी चुकलं तरी ‘पहिल्यापासून’ म्हणत. पहिल्याच दिवशी ते सतरा वेळा पहिल्यापासून म्हणाले. अठराव्या वेळी म्हणायला वर्गात पुरेशी मुलं उरली नव्हती.

आता पुढच्या शुक्रवारी संस्थेचे लोक फैयाजभाईंचा पाठ बघायला येणार होते. जमला तर दोघांना नेमणूक, नाहीतर बासऱ्या कपाटात.

दुसऱ्या दिवशी दोघं घरी आले. फैयाजभाई मूळचे तिसगावचे, साठी उलटलेले, उंच, आणि तोंडासमोर हात धरून बोलणारे. उन्हाळ्यात त्यांचे वरचे समोरचे दोन दात गेले होते. क्लॅरिनेट नेमकं त्याच दातांवर टेकतं. कवळी लावून पाहिली, तर एका कार्यक्रमात ती वरच्या सुराबरोबर बाहेर पडली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.

“चाळीस वर्सं वाजिवलं, सर,” ते म्हणाले. “आता वाजवता येत न्हाई. शिकिवताबी आलं न्हाई, तर मी कोन हाय?”

असल्या प्रश्नाला उत्तर नसतं, टाचण असतं. मी पाठाचं टाचण काढून द्यायचं ठरवलं. त्यात दोन रकाने असतात. डावीकडे शिक्षकानं काय करायचं, उजवीकडे विद्यार्थी काय करतील. उजवा रकाना आम्ही पिढ्यान् पिढ्या अंदाजानं भरत आलो आहोत. मी सवयीनं भरला. विद्यार्थी कुतूहलानं पाहतात. तीन विद्यार्थी हसतात. एक विद्यार्थी खिडकीबाहेर पाहतो, शिक्षक त्याला प्रेमानं भानावर आणतात. एक विद्यार्थी चुकीचं उत्तर देतो, शिक्षक न रागावता सुधारतात.

फैयाजभाईंनी तो कागद दोन्ही हातांनी धरला. वाद्यवृंदात प्रत्येकाला आपापला कागद मिळतो. कागदावर असेल तेच वाजवायचं, नसेल तेव्हा मात्रा मोजत गप्प बसायचं. ते कागद एकेकासाठी उतरवून काढण्याचं काम विजयमालाबाईंचं.

“उजवीकडचं कोन करनार, सर?” फैयाजभाईंनी विचारलं.

“मुलंच करणार की,” मी म्हणालो आणि पाय वर घेऊन डोळे मिटले. चौतीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तेव्हाच जागं व्हायला हवं होतं.

शुक्रवारी दोन बस बदलून मी नागापूरला पोचलो. मागच्या बाकावर रोहिणी, संस्थेचे दोन सदस्य आणि मी. विजयमालाबाई दाराशी उभ्या. पाठ सुरू झाला, आणि काय सांगू, असा पाठ मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता! मुलं कुतूहलानं पाहू लागली ती एका झटक्यात, सूर्यफुलांचं शेत वळावं तशी. फैयाजभाईंनी प्रश्न विचारला की एकच हात वर, आणि उत्तर बरोबर. तिघं हसले आणि एकदमच थांबले. करण नावाचा मुलगा खिडकीबाहेर पाहू लागला. फैयाजभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो भानावर आला, पण लगेच नाही, ओठांनी चार मोजून.

सदस्यांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. मी नम्रपणे छताकडे पाहिलं.

मग फैयाजभाईंनी विचारलं, बासरीत हवा कशी सोडायची? आणि वर्ग थांबला. कुणी हात वर करेना, कुणी हलेना. फैयाजभाई हसतमुखानं उभे, ओठ हलताहेत, बोटानं मांडीवर ताल चाललाय. एक मिनिट गेलं, दुसरंही गेलं. बाहेर कुठल्याशा कंपनीचा भोंगा वाजून संपला. तीस बासऱ्यांच्या वर्गात तेवढाच काय तो सूर.

रोहिणीनं पुढच्या बाकावरच्या मुलीच्या मांडीवरचा कागद उचलला, वाचला आणि माझ्या हातात दिला. विजयमालाबाईंचं सुंदर अक्षर होतं. ‘विद्यार्थी क्रमांक चौदा. हसणे (हळू). चार मात्रा शांत. मग सर्वांबरोबर गोंधळ, वाढवत नेणे.’

“हे काय आहे, फैयाजभाई?” रोहिणीनं विचारलं.

“अकरा नंबर आली न्हाई, बाई,” ते तोंडावर हात धरून म्हणाले. “ज्ञानेश्वरी. तिला ताप हाय. तिनं चुकायचं, मग मी सुधारायचं. ती चुकल्याबिगर मला पुढं जाता येत न्हाई. आठ दिस तालीम केली, लई चांगली चुकत हुती.”

एक सदस्य उठले. दुसऱ्यांनी पेनाला टोपण लावलं. फैयाजभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे.

तेवढ्यात संस्कृती नावाची एक मुलगी उभी राहिली. तिच्या कागदावर फक्त ‘शांत बसणे’ लिहिलं होतं. “सर,” ती म्हणाली, “माझी खरीच चूक होतेय. माझी वाजतच नाही. आठ दिवस झाले, मी नुसती धरून बसते.”

फैयाजभाईंनी डावा रकाना पाहिला, उजवा पाहिला. तिथे तिच्यासाठी काही नव्हतं. त्यांनी कागद टेबलावर ठेवला, तिच्याजवळ जाऊन खाली बसले आणि तोंडावरचा हात काढला. त्या दोन दातांच्या खिडकीकडे अख्खा वर्ग बघत राहिला.

“घरी चहा बशीत पितेस का गं?”

“व्हय.”

“निववायला फुंकतेस तवा चहा सांडतो?”

“जोरात फुंकल्यावर सांडतो.”

“मंग सांडू नको.”

तिनं बासरीत हळूच फुंकर घातली. आवाज आला तो काही गोड नव्हता, एसटीच्या जुन्या ब्रेकसारखाच होता. पण सरळ होता आणि तिचा होता. फैयाजभाई ‘पहिल्यापासून’ म्हणाले नाहीत. त्यांनी पुढच्या मुलाला विचारलं, तुझा सांडतो का? मग त्याच्या पुढच्याला. वर्गभर फुंकरी सुरू झाल्या. विजयमालाबाईंनी बाकीच्या मुलांचे कागद गोळा करून पिशवीत कोंबले. उठलेले सदस्य पुन्हा बसले, आणि हाताची बशी करून फुंकून बघू लागले.

पाठ संपल्यावर रोहिणीनं दोघांना सांगितलं, सोमवारपासून या. मग ती माझ्याकडे वळली. “सर, दोन बस बदलून येता. दगदग होते तुम्हाला. आता नाही आलात तरी चालेल.” मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

स्टॉपवर फैयाजभाई माझ्यासोबत येऊन थांबले. म्हणाले, “सर, रागावनार न्हाई ना? त्या ज्ञानेश्वरीला तुमीच घरी ठिवायला सांगितलं हुतं, व्हय ना? मी कागद सोडावा म्हनून?”

मी समोरच्या दुकानाची पाटी दोनदा वाचली.

“लक्षात यायला जरा उशीरच लागला तुम्हाला,” मी म्हणालो.