मयताला नेलेली पिवळी गाडी

रिटायर झाल्यावर माणसाने एखादा निश्चय जरूर करावा. पण तो लहानसा करावा आणि बायकोला आधी सांगावा. तोलेगेनने ही दोन्ही पथ्यं पाळली नाहीत. कझाकस्तानातल्या कारागांडा शहरात त्याने सबंध आयुष्य बस चालवली. त्या बसमध्ये माणसं चढली, बटाट्याची पोती चढली, एकदा एक मेंढासुद्धा तिकीट न काढता चढला (आणि, तोलेगेनच्या मते, माणसांपेक्षा बरा वागला). आता त्रेसष्टाव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना आणि कंबर अधूनमधून संपावर जात असताना, त्याने एका सकाळी ठरवून टाकलं, की यापुढे आपण कोणालाही कुठेही पोचवायचं नाही.

कुल्याशने, म्हणजे त्याच्या बायकोने, वेगळंच ठरवलं होतं. तिला जीप हवी होती. काळी, उंच, सात माणसं बसतील अशी.

"आपल्या वयाची माणसं जातात कुठे?" चहात दूध ओतता ओतता ती म्हणाली. "लग्नं संपली आपली. आता नुसती मयतं. मयताला जायचं म्हणजे तिथल्या जेवणासाठी कढई पाहिजे, मेंढा पाहिजे, मागे चार म्हाताऱ्या पाहिजेत. ते काय तू डोक्यावर घेऊन जाणार?"

"म्हणूनच जीप नको," तोलेगेन म्हणाला.

"म्हणूनच म्हणजे?"

त्याला सांगता येईना. त्यांच्या इमारतीखाली तीन जिपा उभ्या होत्या. तिन्ही त्याच्याच वयाच्या माणसांनी निवृत्तीनंतर घेतल्या होत्या. त्यातले दोघे वर्षभरात गेले आणि जिपा तेवढ्या राहिल्या. जीप घ्यायची म्हणजे आपण त्या रांगेत जाऊन उभं राहायचं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. तोलेगेनला मरणाची भीती वाटत होती, एवढीच साधी गोष्ट. पण ती बायकोला सांगण्यापेक्षा गाडी विकत घेणं त्याला सोपं वाटलं.

शेजारच्या जानिबेकला बरोबर घेऊन तो रविवारी गाड्यांच्या बाजारात गेला तो जीप बघायलाच. परत आला तो जर्मनीहून कोणीतरी आणलेली, चापट, पिवळीधमक, दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेऊन. मागे सीट नाही. डिकीत एक टरबूज मावेल, तेही लहान असेल तर. आणि ती काळी जीप? ती जानिबेकने घेतली. रिकाम्या हाताने कसं परतायचं, म्हणून.

कुल्याशने चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बघितलं.

"बाकीची कुठाय?" तिने वरून विचारलं.

"बाकीची म्हणजे?"

"उरलेली गाडी!"

साठी बुद्धी नाठी म्हणतात, हे तिने त्याला ऐकवलं, मग त्याच्या देखत दोन्ही सुनांना फोनवर ऐकवलं, आणि मग आठवडाभर काहीच ऐकवलं नाही. ते जास्त वाईट होतं.

गाडीत बसणं एक वेळ सोपं होतं. पाठमोरं व्हायचं आणि देवाचं नाव घेऊन स्वतःला सोडून द्यायचं. बाहेर निघणं कठीण. आधी डावा पाय बाहेर काढायचा, मग छताला धरायचं, मग थोडं थांबायचं (इथे तोलेगेन कोणीतरी आपल्याला बघतंय का ते बघत असे), मग उजव्या पायाची समजूत घालायची. हे सगळं तो गॅरेजचं दार लावून करायचा. पण आत बसल्यावर, शहराबाहेरच्या सरळ रस्त्यावर गाडी सोडली, की त्याला कंबर नसायची, गुडघे नसायचे आणि वयही नसायचं.

एप्रिलात बर्फ वितळायला लागला आणि गावाकडून फोन आला. कबदेन गेला. तोलेगेनचा थोरला भाऊ. पहाटे घोड्यांना पाणी पाजून आला, 'जरा पडतो' म्हणाला आणि पडला तो पडलाच. उद्या दुपारच्या नमाजानंतर दफन.

कबदेनला तीन मुली, मुलगा नाही. त्यामुळे मयताच्या नमाजाला मुल्ला जेव्हा चारचौघांत विचारेल, की हा माणूस कसा होता, तेव्हा पहिलं उत्तर द्यायला सख्ख्या भावाने उभं असायला हवं. भाऊच आला नाही तर लोक उत्तर देतील, नाही असं नाही. पण ते उत्तर उसनं. दुसऱ्या दिवशी पहाटे तोलेगेनने ओव्हरकोट चढवला आणि बाहीने डोळे पुसले.

"मी वेळेत पोचणार," तो म्हणाला. "आपली गाडी पळते."

"पळते ना?" कुल्याश म्हणाली. "मग आता सांग, त्यात कोण कोण पळणार?"

तिथेच घोडं अडलं. जानिबेकने आपली जीप देऊ केली होती. पण तीत कढई, मेंढा, कुल्याश, दोन सुना आणि चुलतभावाच्या घरच्या दोन म्हाताऱ्या अशी भरती आधीच झाली होती. उरली बातेश आपा. तोलेगेनची आणि कबदेनची थोरली बहीण, वय अठ्ठ्याहत्तर, जिच्याशिवाय भावाच्या घरी विलापाला सुरुवातच होणार नव्हती. आपाला दोघांनी धरून पिवळ्या गाडीत सोडलं. ती खाली गेली, आणखी खाली गेली आणि शेवटी एकदाची टेकली.

"तोलेगेन," तिचा आवाज खालून आला, "मयत कबदेनचं आहे ना? का माझं आधी उरकून घेताय?"

"आपा, पट्टा लाव."

"आभाळ तेवढं दिसतंय. कबरीतूनसुद्धा एवढंच दिसत असेल."

हमरस्त्याला लागल्यावर मात्र गाडीने कमाल केली. जानिबेकची जीप मागे पडली. दोन्ही बाजूंना ओलं, तपकिरी माळरान सपासप मागे जात होतं. तोलेगेन रडत होता आणि त्याला मजाही येत होती. दोन्ही एकदम. ही लाजेची गोष्ट आहे हे त्याला कळत होतं; तरी त्याने वेग कमी केला नाही. आपाने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि मग पुन्हा आभाळाकडे. कदाचित तिलाही मजा येत असावी.

मग डांबर संपलं. तिथून गावापर्यंत माळावरची वाट, आणि एप्रिलातली वाट म्हणजे दोन खोल चाकोऱ्या आणि मधे चिखलाचा उंचवटा. ट्रॅक्टरने केलेली वाट ट्रॅक्टरच्याच सोयीची असणार. तोलेगेनने थोडा विचार केला आणि गाडी घातली. थोडं पुढे जाऊन ती अंड्यांवर कोंबडी बसावी तशी उंचवट्यावर पोट टेकून बसली. चाकं फिरत राहिली, गाडी हलेना.

"आलं का गाव?" आपाने विचारलं.

"नाही."

"मग थांबलास कशाला?"

जीप येईपर्यंत ऊन वर आलं होतं. जानिबेक उतरला, वाकून गाडीच्या पोटाखाली बघितलं आणि उगाचच टोपी काढली.

"तोके, उतरू नका," तो म्हणाला. तोलेगेनला तो आदराने तोकेच म्हणायचा. "तुम्ही उतरलात तर परत बसवायला वेळ जाईल. मी ओढतो."

दोर बांधला गेला. कुल्याश जीपच्या काचेतून मागे बघत होती. ती हसली असती तरी तोलेगेनला बरं वाटलं असतं. ती हसली नाही.

मयताच्या घरी पुरुष पोचतात तेव्हा लांबूनच 'भावा रे' म्हणून हंबरडा फोडतात आणि धावत येतात. दारात काठ्या टेकून उभे असलेले घरचे पुरुष त्यांना कवटाळतात. आजोबांच्या काळी हे घोडा दौडवत व्हायचं. तोलेगेन आला तो दोरीला बांधलेला, चिखलाने माखलेला, मेंढ्याच्या मागोमाग. तरी जे करायचं ते करायचंच, म्हणून त्याने दार उघडलं, डावा पाय बाहेर टाकला आणि भावासाठी जोर लावून एकदम उठायला गेला.

कंबरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं. त्याच्या तोंडून जी किंकाळी निघाली तशी त्या गावाने कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. माळावरची कुत्री गप्प झाली. दारातले पुरुष काठ्या टाकून धावले आणि अर्ध्या बाहेर आलेल्या तोलेगेनला एकाने डावीकडून, दुसऱ्याने उजवीकडून कवटाळलं. तो आणखी मोठ्याने ओरडला.

"किती जीव होता रे ह्याचा कबदेनवर!" एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला.

"सोडा! सोडा मला!"

"नाही सोडत रे, भावा. रड. मोकळा हो."

बातेश आपा एव्हाना पलीकडच्या दाराने रांगत बाहेर आली होती आणि उभी राहून गुडघ्यांवरचा चिखल झटकत होती.

"अरे, कंबर गेलीय त्याची," ती म्हणाली. "शोक नंतर करेल. आधी उपसा त्याला." आणि ती घरात गेली. थोड्याच वेळात आतून तिचा विलाप सुरू झाला. तो इतका खरा होता, की बाहेर क्षणभर कोणालाच तोलेगेनचं भान राहिलं नाही.

त्याला सरळ होता येईना, उभं राहता येईना, बसवत तर अजिबात नव्हतं. शेवटी कोणीतरी मेंढ्यांच्या गोठ्याचं दार बिजागरीतून काढून आणलं. त्यावर त्याला उताणा ठेवला. उत्तर द्यायला भाऊ जवळ हवा, म्हणून ते दार अंगणात नेऊन कबदेनच्या जनाज्याशेजारीच टेकवलं.

मुल्ला पलीकडच्या गावाहून आला होता. त्याने एका आडव्या माणसाकडे बघितलं, मग दुसऱ्या आडव्या माणसाकडे.

"फोनवर मला एकच सांगितला होता," तो म्हणाला.

गैरसमज दूर झाला. नमाज झाला. मग मुल्लाने मोठ्याने विचारलं, "लोकहो, कबदेन कसा माणूस होता?"

सगळे खाली, दाराकडे बघू लागले. तोलेगेनने येताना वाक्यं जुळवली होती, ती आता एकही आठवेना. आठवलं ते हे, की कबदेनने त्याला गाडी शिकवली ती धान्याच्या ट्रकवर, मांडीवर बसवून, कारण पाय पोचत नव्हते. आणि त्या ट्रकमध्ये वाटेत जो दिसेल त्याला कबदेन घ्यायचा. जागा नसली तरी.

"चांगला माणूस होता," तोलेगेन आभाळाकडे बघत म्हणाला. "त्याने कधी कोणाला रस्त्यात उभं ठेवलं नाही."

मग तो रडला. डोळ्यांतून पाणी दोन्ही कानांत जात होतं आणि आवाज बिलकुल नव्हता. त्याच्या आधीच्या आरोळीवर सगळ्यांनी जीव ओवाळून टाकला होता; ह्या रडण्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

"चांगला माणूस होता," लोक म्हणाले.

कब्रस्तान टेकडीवर होतं. कबदेनला खांद्यांवर नेलं. तोलेगेनला दारासकट जानिबेकच्या जीपमध्ये सरकवला, मागच्या सीटा पाडून. बायका कब्रस्तानात जात नाहीत, त्यामुळे कुल्याश जीपपर्यंतच आली. तिने आत वाकून बघितलं.

"पूर्ण मावला," ती हलक्या आवाजात म्हणाली. "कडेला दोन म्हाताऱ्यासुद्धा बसतील." मग तिने डोक्याचा जाड रुमाल सोडला, त्याची घडी केली आणि त्याच्या मानेखाली सारली. तोलेगेनने तिचा हात धरला. तिने तो लगेच सोडवून घेतला नाही.

टेकडीवर वारा होता. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. शेवटी तोलेगेन म्हणाला, मलाही टाकायची आहे, माझ्या हाताने. चार जणांनी दार उचललं, कबरीच्या काठाशी नेलं आणि त्याचा हात पोचावा म्हणून एका बाजूने कलतं केलं. त्याने माती टाकली. ती कबदेनवर पडल्याचा आवाज त्याला ऐकू आला. त्याला वाटलं, असंच थोडा वेळ थांबावं, भावाच्या जवळ. तेवढ्यात तो दारावरून इंचाइंचाने घसरू लागला.

"धरा रे, नीट धरा!" फावड्यावर रेलून उभा असलेला कबर खणणारा म्हातारा खेकसला. "खाली जमीन अजून गोठलेली आहे. ह्याच्यासाठी दुसरी खणायची म्हणजे परवा उजाडेल!"