मा घराण्याचे दोन घोडे

चाळीस वर्षं मी तैवानमधल्या ताइनानच्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले. माझे डोळे बांधा, मागाल ते अक्षर काढून देईन. एकदा भूकंपात अख्खं फडताळ अंगावर कोसळलं, तर ढिगाऱ्याखालून दुसऱ्या दिवसाचा अग्रलेख जुळवूनच मी बाहेर आलो. तेव्हा नात यी-रोंगच्या लग्नाचं आमच्याकडचं जेवण ठरलं आणि मी जाहीर केलं, "हॉलचं बुकिंग मी करणार. कॉम्प्युटरवर."

"बाबा, नुसता फोन केला तरी चालतं," सूनबाई म्हणाली.

"फोन कुणीही करतं."

आमचं आडनाव मा, म्हणजे घोडा. हल्लीची पोरं उच्चार टाइप करून अक्षर काढतात. मी मूळचिन्हावरून, म्हणजे चिनी अक्षराच्या पोटातल्या मुख्य चित्रावरून, शोधणारा. छापखान्यात पाण्याची अक्षरं एका खणात, आगीची दुसऱ्यात, आणि प्रत्येक खणावर त्या मूळचिन्हाची पाटी. कॉम्प्युटरमध्ये हुडकता हुडकता मला तीच्या तीच मूळचिन्हांची रांग सापडली. माहेर भेटल्यासारखं वाटलं हो! तिथला घोडा उचलला आणि आडनावाच्या जागी नेऊन बांधला.

जेवणाच्या दिवशी पाचव्या मजल्यावर नवरी सजून बसलेली, मासा वाफाळतोय आणि पाहुणा औषधाला नाही. आमच्याकडे नवरीचा मामा मानाच्या जागी बसल्याशिवाय कुणी जेवायच्या काड्या उचलत नाही. हा मामा तर असा मानी, की एका लग्नात त्याला खांबाआड बसवलं म्हणून तो अजून त्या खांबाशी बोलत नाही.

"बाबा, माझा दादा कुठाय?" सूनबाईनं विचारलं.

"येईल की. उशीर झाला असेल."

"दादाला उशीर होत नाही. त्याचा अपमान होतो."

मी खाली धावलो. दारात एक यंत्र होतं. यजमानाचं आडनाव टाकलं की ते मजला सांगायचं. तिथल्या मुलीनं 'मा' टाकलं.

"तिसरा मजला, आजोबा."

"अगं, पाचवा. हा बघ, यंत्रावरच्या यादीत पाचव्यासमोर घोडा दिसतोय."

तिलाही दिसला. तिनं पुन्हा टाकलं. यंत्र म्हणालं, तिसरा.

तिसऱ्यावर दुसऱ्याच कुणा मा कुटुंबातल्या आजीबाईंचा नव्वदावा वाढदिवस होता. लाल पडदे, लाल दिवे, आजीबाईही लाल. आमचं सगळं गणगोत शेवया ओढत बसलेलं! आणि मानाच्या जागी, आजीबाईंच्या शेजारी, मामा.

"मा-काका, मला वाटलं या नवरीच्या पणजी," तो म्हणाला. "मी आशीर्वादाचं भाषणसुद्धा केलं. लवकर मुलंबाळं होवोत म्हणालो."

"मी म्हटलं, बघते," आजीबाई म्हणाल्या.

"मामासाहेब, वर चला. मासा गार होतोय."

मामानं काड्या खाली ठेवल्या. "इथं मला मधोमध बसवलंय. वर माझी जागा होती, तर मला खाली कुणी धाडलं?"

मागोमाग नवरदेवही खालून जिना चढून आला होता. पोरगा कॉम्प्युटरवाला. त्यानं एवढ्यात खालचं यंत्र तपासलं होतं.

"आजोबा, तुम्ही मूळचिन्हांच्या रांगेतला घोडा घेतलात. आडनावातला घोडा वेगळा. दिसायला जुळे, पण कॉम्प्युटरच्या पोटात प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो, आणि या दोघांचे आकडे निरनिराळे. यंत्राला रूप कळत नाही, आकडा कळतो."

म्हणजे मी खणातला खिळा सोडून खणावरची पाटी उपटली होती आणि तीच छापली होती!

"म्हणजे चूक तुमची," मामा म्हणाला. "माझा अपमान नाही."

"मुळीच नाही. गाढवपणा सगळा माझा."

"मग येतो. पण या आजींना सोडून येणार नाही. त्यांनी मला स्वतःच्या हातानं वाढलंय."

अशी आमची वरात लिफ्टमधून वर गेली. मानाच्या खुर्चीत आजीबाई आणि मामा निम्मे-निम्मे बसले, काड्या उचलल्या गेल्या, आणि सूनबाईचा जीव भांड्यात पडला. गार मासा सगळ्यांनी गोड मानून घेतला.

"तुम्हीही मा का?" आजीबाईंनी मला विचारलं.

"हो ना. एकच घराणं म्हणायचं आपलं."

"छे," त्या म्हणाल्या. "आमच्यात म्हाताऱ्यांना कॉम्प्युटरला हात लावू देत नाहीत."