मालोजीरावांची उभी मीटिंग

रोज सकाळी मीटिंगच्या आधी आमचे टीम लीड मालोजीराव त्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्या स्वतः उचलून पॅसेजमध्ये नेऊन ठेवतात. "खुर्ची दिली की माणूस मुक्कामाला येतो," असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बसवनगुडीतलं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि आमच्याशी दोन्हींची मिसळ. मी पुण्याहून इथे नोकरीला आलो तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "सर-बिर नको. अण्णा म्हण."

मीटिंगमध्ये प्रत्येकाने काल काय केलं, आज काय करणार आणि कुठे अडलंय एवढंच सांगायचं. कुणी जरा लांबण लावली की अण्णांचा हात वर. "स्वल्प सांग, स्वल्प!" म्हणजे थोडक्यात. नागपूरच्या मीनलने एकदा सर्व्हर का बंद पडला हे सांगायला घरमालकाच्या गीझरपासून सुरुवात केली. अण्णा म्हणाले, "अक्का, गीझरचं नंतर बघू. सर्व्हर जिवंत आहे काय?" एकदा कंपनीचे मोठे साहेब आले. खुर्ची शोधून दमले आणि शेवटी भिंतीला टेकले. त्यांनाही "स्वल्प" ऐकावं लागलंच.

मीटिंग आटोपली की अण्णा लगबगीने गॅलरीत जायचे. आम्हाला वाटायचं, सिगारेट. एकदा मी चहा घेऊन तिकडे गेलो, तर ते फोनवर होते.

"जेवलीस काय, पुट्टी? ...सरी, सरी, बरं. दमली असशील. झोप तू."

कॅनडातली लेक झोपायच्या आधी फोन करायची, त्यासाठी ही सगळी घाई. बोलणं मात्र माझा चहा निवायच्या आत संपलं. फोन बंद झाला तरी अण्णांनी तो कानाचा काढला नव्हता. बायको गेल्यापासून घरात ते एकटेच.

गेल्या महिन्यात एक दिवस लेकीचा फोन आलाच नाही. अण्णा कठड्याशी वाट बघत उभे. तेवढ्यात माझ्या आईचा पुण्याहून फोन आला. तिचं नेहमीचं सुरू झालं: दुधी कसा कडू निघाला, शेजारणीचा गुडघा, गॅसवाला. मी नुसता हं हं करत होतो. अण्णा जवळ आले.

"मी बोलू काय त्यांच्याशी?"

मी चकित होऊन फोन त्यांच्या हातात दिला, स्पीकर चालू करून. मग आमची आमटी आणि त्यांची हुळी यांवर दोघांच्या गप्पा अशा काही रंगल्या की मीनल दोनदा डोकावून गेली.

शेवटी आईने सहज विचारलं, "लेकीला काय आवडतं हो तुमच्या?"

"चिरोटी," अण्णा चटकन म्हणाले. खाली रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या, तिकडे बघत राहिले.

"म्हणजे, लहान होती तेव्हा. आता काय आवडतं ते... विचारायचं राहूनच गेलं, ताई."