बादल्यांत मोजलेलं धरण

पाणी कमी पडलं तरी देश तग धरतो. पाण्याची माहिती मात्र कमी पडता कामा नये. याच तत्त्वावर मोरोक्कोतल्या आमच्या खोऱ्यात जलमाहिती कार्यालय उभं आहे आणि मी तिथे सन्मानाने नोकरी करतो. नदी, विहिरी, धरण, सगळीकडे आमची यंत्रं आहेत आणि ती अहोरात्र आकडे पाठवतात. (एक यंत्र कोरड्या ओढ्यात आहे. ते शून्य पाठवतं, पण अगदी वेळेवर.)

आकडे इतके साचले की कुणालाच कळेनात. तेव्हा राजधानीतून हुकूम आला, माहिती सामान्य माणसाला वापरता येईल अशी करा. आमचे साहेब, सी मक्की, कामाला लागले. आधी आलेख काढले, मग रंग भरले, मग हसरे चेहरे लावले. शेवटी साहेबांच्या ध्यानात आलं की इथला माणूस पाणी घनमीटरने नाही, हमामखान्यातल्या बादलीने मोजतो. लगेच सबंध धरण बादल्यांत आणलं. काम खरोखर देखणं झालं. वरून बदामाची बिस्किटं आली.

बिस्किटं संपायच्या आत लल्ला तामू, म्हणजे तामूबाई, आल्या. त्यांच्या मुलीचं, झोहराचं, लग्न दोन दिवसांवर. त्याआधी हमामखान्यात नवरीचं न्हाणं; मैत्रिणी गाणी म्हणत तिच्या अंगावर सात बादल्या ओतणार. पण टंचाईपायी हमामखान्याला कुलूप. तो उद्या उघडेल का, एवढंच बाईंना हवं होतं. साहेबांनी कौतुकाने संगणकाचा पडदा दाखवला.

"लल्ला, धरणात अकराशे कोटी बादल्या आहेत."

"देव तुझं भलं करो, बाळा. मला सातच हव्यात."

"सुट्या बादल्यांचा तपशील आमच्याकडे नसतो."

"मग नळाला पाणी कधी सोडणार, ते तरी सांग."

"ते पाणीखातं ठरवतं. आमचं माहितीखातं."

"मग मेल्यांनो, मोजता तरी कशाला?"

हा प्रश्न 'अभिप्राय' या सदरात नोंदवण्यात आला.

झोहरा ओल्या फडक्याने अंग पुसून लग्नाला उभी राहिली. मैत्रिणी गायल्या, कोरड्या मोरीत. मला फार वाईट वाटलं. (कार्यालयीन वेळेनंतर.)

वार्षिक अहवालासाठी वरून विचारणा झाली, की माहितीचा लाभ किती जणांनी घेतला. साहेबांनी व्याख्या केली: जो माहिती शेवटपर्यंत वाचतो आणि नंतर उठून काहीही करत नाही, तो लाभार्थी. लल्ला तामू यात बसल्या नाहीत. त्या रिकामी बादली घेऊन धरणाच्या दारात बसल्या होत्या. यादी फारच तोकडी भरत होती. आपण मात्र इथवर शांतपणे वाचलंत, म्हणून आपलं नाव घातलं आहे.