पुण्यात न राहणारा भाऊ

राजनंदिनीला बघायला नेसरीहून पाहुणे येणार म्हणून तिच्या वडिलांच्या, गणपतरावांच्या, अंबाबाईच्या देवळाजवळ मंगळवार पेठेतल्या घरात सकाळपासून आवराआवर चालली होती. जे आवरेना ते सगळं, म्हणजे गाद्या, मोडका कूलर, रिकामे डबे, शेवटी मागच्या खोलीत कोंबलं आणि बाहेरून कुलूप घातलं.

स्थळ मनासारखं होतं. मुलगा अभिराम बंगळुरात नोकरीला होता, आणि त्याचा फोटो बघून राजनंदिनी पहिल्यांदाच "बघू या की" म्हणाली होती. अभिरामबरोबर त्याचे आईवडील आणि आत्या इरावतीबाई आल्या. इरावतीबाईंनी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं. राजनंदिनीने स्वतः इंग्रजीत लिहिलेला बायोडेटा त्या पर्समध्ये घालून आल्या होत्या.

शिरा खाता खाता त्यांनी विचारलं, "एक चिरंजीव पुण्यात. मग दुसरे कुठं असतात?"

"दुसरे न्हाईत. एकच पोरगं हाय की, यशराज," गणपतराव म्हणाले.

इरावतीबाईंनी समजूतदारपणे मान हलवली. प्रत्येक घरात काही ना काही असतंच, आपल्या माणसांपासून लपवू नये, असं त्या म्हणाल्या. गणपतरावांनी अंबाबाईची शपथ घेतली. ते जितकं जोरात सांगू लागले, तितकी इरावतीबाईंची मान जास्तच मायेनं हलू लागली. राजनंदिनीला काहीच कळेना. अभिराम तिच्याकडे बघायचं सोडून छताकडे बघत होता.

तेवढ्यात मागच्या खोलीत काहीतरी धाडकन आदळलं. सगळ्यांच्या नजरा कुलपावर गेल्या.

"डबं पडलं असतील," गणपतराव म्हणाले.

"कोंडून ठेवू नये हो," इरावतीबाई हळूच म्हणाल्या. "हल्ली चांगले डॉक्टर मिळतात."

आता मात्र गणपतराव तडक उठले आणि त्यांनी कुलूप काढलं. दार उघडताच कूलर त्यांच्या पायावर आला, त्यामागून गादी, आणि एक डबा घरंगळत थेट पाहुण्यांच्या पायाशी जाऊन थांबला. दुसरा मुलगा काही निघाला नाही.

इरावतीबाईंनी बायोडेटा उघडला आणि त्यातलं वाक्य वाचलं, ‘माय ब्रदर हू लिव्ज इन पुणे इज ॲन इंजिनिअर.’ मग त्यांनी समजावलं, "या ‘हू लिव्ज इन पुणे’च्या आधी आणि नंतर स्वल्पविराम असते, तर भाऊ एकच. ते नाहीत, म्हणजे पुण्यात राहणारा एक आणि न राहणारा दुसरा."

राजनंदिनीचा चेहरा उतरला. चूक माझीच, असं तिने कबूल केलं. एवढ्याशा दोन स्वल्पविरामांसाठी बापाचा पाय सुजला म्हणून तिला रडूच यायला लागलं. अभिरामला राहवलं नाही. आपण सुद्धा कधी असले स्वल्पविराम दिले नाहीत, असं तो घाईघाईने म्हणाला, आणि राजनंदिनी डोळे पुसून हसली.

त्याची आई संयोगिताबाई मात्र हसली नाही. तिने आपल्या मुलाचा बायोडेटा मोबाईलवर काढला. तो इरावतीबाईंनी लिहून दिला होता. तिने बोट ठेवून एकेक शब्द वाचला, ‘माय मदर हू इज अफेक्शनेट लुक्स आफ्टर द होम.’

"वन्सं, ह्यात बी स्वल्पविराम न्हाईत," ती म्हणाली. "मग ही मायाळू आई मी. दुसरी कोण हाय?"

इरावतीबाई पर्समध्ये पेन शोधू लागल्या. बाकी सगळे अभिरामच्या वडिलांकडे बघत होते, आणि त्यांनी शिऱ्याची बशी हळूच खाली ठेवली.