झरीची टाकी आणि माझं बी.ए.

मी इंजिनिअर आहे आणि शिवाय बी.ए. पण आहे! हे वाक्य मी त्या काळात दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचोच. आधी सिव्हिलची डिग्री घेतली, मग नोकरी करता करता बाहेरून बी.ए. केलं, मराठी आणि तत्त्वज्ञान घेऊन. आमचे अण्णा डहाणू रोडला रेल्वेच्या बुकिंग ऑफिसातून रिटायर झालेले. ते म्हणाले, "सुदर्शन, इंजिनिअर झाल्यावर बी.ए. म्हणजे जेवण झाल्यावर भाजी निवडायला बसण्यासारखं आहे."

मी त्यांना समजावलं. नुसत्या इंजिनिअरला पूल बांधता येतो, पण त्यावरून लोकांनी का जावं ते सांगता येत नाही. नुसत्या बी.ए.वाल्याला सांगता येतं, पण त्याच्याकडे पूल नसतो. माझ्याकडे दोन्ही होतं. फक्त संधी यायची होती.

ती अठ्ठ्याऐंशी साली आली. तलासरी तालुक्यात झरी गावात आम्ही नळपाणी योजनेची उंच टाकी बांधली होती. उद्घाटनाला ठाण्याहून मोठे साहेब येणार होते. त्याआधी गावात लोकशिक्षण करा, असा वरून हुकूम आला. माझे वरिष्ठ, डेप्युटी इंजिनिअर चुरीसाहेब म्हणाले, "शाळेच्या भिंतीवर चार घोषणा रंगवून टाका. पाणी वाचवा, नळ बंद करा, झालं."

"साहेब, घोषणा कोण वाचतो? आपण नाटक करू!"

"कुणाचं नाटक?"

"माझं! मी बी.ए. आहे, साहेब."

चुरीसाहेबांना बी.ए. म्हणजे काय ते माहीत होतं, पण त्याचा उपयोग माहीत नव्हता. त्यांनी परवानगी दिली.

आता नाटक लिहायचं तर शोकांतिकाच लिहायची, हे मी आधीच ठरवलं होतं. शोकांतिका पाहिली की प्रेक्षकाच्या मनातली भीती धुऊन निघते, असं आम्हाला शिकवलं होतं. परीक्षेत मला त्या प्रश्नाला चांगले मार्कही पडले होते. तेव्हा माझ्या नाटकात एक इंजिनिअर होता. तो सिमेंट खातो, टाकी कच्ची बांधतो, उद्घाटनाच्या दिवशी टाकी भरते आणि कोसळते. इंजिनिअर बायकोला आणि म्हाताऱ्या बापाला टाकीखाली सोडून पळून जातो!

घरी वाचून दाखवलं. रुचिता, म्हणजे माझी बायको, डहाणूच्या शाळेत शिक्षिका. ती पेपर तपासता तपासता ऐकत होती. म्हणाली, "पाणी वाचवा ते यात कुठे आलं?"

"ते सूचित केलंय."

"आणि इंजिनिअर पळतो कशाला? शेवट बदल."

"अगं, शोकांतिका आहे ती!"

नाटक झरीच्या शाळेपुढच्या मैदानात झालं. आमच्या ऑफिसचा क्लार्क शैलेश ठेकेदार झाला. इंजिनिअर व्हायला कुणी तयार होईना, म्हणून तो मीच झालो. टाकी बांबू आणि गोणपाटाची होती. पंप चालवणारा बाळ्या वर बसून बादल्या ओतत होता. टाकी कोसळली तेव्हा दोन पिंपं पाणी, चार हंडे आणि खुद्द बाळ्या असं सगळं माझ्या पाठीवर आलं. मी ठरल्याप्रमाणे बोंबलत पळालो. सगळं गाव चिडीचूप! कुणी टाळी वाजवली नाही, हसलं नाही. मी मनात म्हटलं, भीती धुऊन निघतेय.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी आम्ही जीपने झरीत पोचलो, तर टाकीखालचा पाडा रिकामा. माणसं नाहीत, शेळ्या नाहीत, एक कोंबडीसुद्धा नाही. मांडव होता, फीत होती, हार होते.

"लोक कुठे गेले?" चुरीसाहेबांनी विचारलं.

बाळ्याने समोर बोट दाखवलं. पलीकडच्या टेकडीवर सगळं गाव टाकीकडे तोंड करून बसलं होतं. बरोबर हंडे, शेळ्या, पोरंबाळं. काहींनी भाकऱ्याही बांधून आणल्या होत्या.

मी धावत टेकडी चढलो. पुढेच गंगीबाई बसल्या होत्या. त्यांचं घर टाकीच्या अगदी खाली, आणि त्या बोलल्या की पाडा ऐकायचा.

"गंगीबाई, इथे कशाला बसलात?"

"टाकी कवा पडते ती बघाया."

"अहो, ती पडणार नाही!"

"तुमीच तं सांगितलंत, पडते म्हणून."

"ते नाटक होतं!"

"हां. पन नाटक तुमी लिवलंत, नि टाकीपन तुमीच बांधलीत. आतली गोष्ट तुमाला नाय ठाव तं कोनाला?"

हा मुद्दा माझ्या दोन्ही डिग्र्यांच्या अभ्यासक्रमात नव्हता! खरं म्हणजे नाटकाआधी या लोकांच्या मनात टाकीबद्दल भीतीच नव्हती. जी नव्हतीच ती धुऊन निघणार कशी? मी ती नव्याने बसवून दिली होती, पक्की, प्लास्टरसकट.

मोठे साहेब तासाभरात पोचणार होते. चुरीसाहेब खालूनच ओरडले, "लोक आले नाहीत तर तुमची बदली कुठे होईल ते मलाही सांगता यायचं नाही!"

मी गंगीबाईंना हात जोडले. "मी स्वतः टाकीखाली बसतो. मग तरी याल?"

त्यांनी मागे वळून चार जणांशी चर्चा केली. "एकटे नाय बसायचं. घरची मानसं पन बसवा. टाकी भरली, नि सगळी जिती राहिलीत, तं आमी येतो."

जीप डहाणूला गेली. रुचिताला वर्गातून उठवून आणलं. अण्णा दाढी करत होते, ते अर्ध्या दाढीनेच आले. तोवर मोठे साहेबही येऊन मांडवात बसले होते. हा कार्यक्रमाचाच भाग आहे, असं चुरीसाहेबांनी त्यांना सांगून टाकलं.

टाकीखाली तीन खुर्च्या मांडल्या. बाळ्याने पंप सुरू केला. मी पायावर पाय टाकून हसत बसलो. हसण्यात अर्थ होता, कारण टाकी खरंच पक्की होती. पाण्याची चाचणीही झालेली होती. म्हणजे अर्धी. वीज गेल्यामुळे उरलेली राहिली होती.

"अर्धी?" रुचिताने विचारलं.

"अर्धी झाली म्हणजे झालीच."

"पेपर अर्धा तपासला तर मी मार्क देत नाही," ती म्हणाली.

वर पाणी चढत होतं. त्याचा आवाज खांबांतून खाली येत होता. मी मनात हिशेब मांडायला लागलो. खडी बरोबर होती, सळ्या बरोबर होत्या. पण मे महिन्यात स्लॅबवर पाणी मारायला बाळ्याला सांगितलं होतं, आणि बाळ्याची तर मे महिन्यात बहिणीच्या लग्नाची रजा होती! मग पाणी मारलं कुणी? मारलं की नाही?

एवढ्यात अण्णांनी डोक्यावर हात फिरवला. "सुदर्शन, काहीतरी गळतंय रे."

पुढचं मला नीट आठवत नाही. लोक सांगतात ते असं. मी ताडकन उठलो, "पळाऽ!" म्हणून ओरडलो आणि फीत तोडून, मोठ्या साहेबांच्या खुर्चीला वळसा घालून शेतात शिरलो. बांधावर थांबून मागे वळून पाहिलं तेव्हा टाकी जागच्या जागी होती. रुचिता आणि अण्णा खुर्च्यांवर बसलेले होते. टाकी काठोकाठ भरून ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी खाली पडत होतं, कारण बाळ्या पंप बंद करायचा सोडून मी कुठवर जातो ते बघत होता.

समोरच्या टेकडीवर टाळ्यांचा एकच कडकडाट झाला! सगळं गाव हसत, शिट्ट्या मारत, हंडे वाजवत खाली उतरलं. मोठे साहेबही टाळ्या वाजवत होते. चुरीसाहेबांना म्हणाले, "फारच जिवंत अभिनय! धावता धावता फीत कापताना तर मी आजवर कुणाला पाहिलंच नव्हतं."

नळाला धो धो पाणी आलं. पहिला हंडा गंगीबाईंनी भरला. मी चिखलाची पँट झटकत परत येत होतो तेव्हा त्या रुचिताशी बोलत होत्या.

"बाई, टाकी पक्की हाय. मानूस तेवढा तपासून घ्या."

"लग्न झाल्यापासून तेच करतेय," रुचिता म्हणाली आणि हंडा उचलायला त्यांना हात लावला.